अरिना फुटबॉल: जुना बदली नियम कोणी समजावेल का?
मंडळी, मदत हवी आहे. अरिना फुटबॉल म्हणजे बंदिस्त स्टेडियममधल्या छोट्या मैदानावरचं अमेरिकन फुटबॉल. क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा, आक्रमणाचा सूत्रधार) कर्ट वॉर्नर आयोवा बार्नस्टॉर्मर्स संघाकडून खेळायचा, त्या काळातले अरिना लीगचे सामने सध्या बघतोय. मैदान जेमतेम 50 यार्डांचं, एका संघाचे आठच खेळाडू. बहुतेक जण आक्रमण आणि बचाव दोन्हीकडे खेळतात: आक्रमणात पास झेलणारा वाइड रिसीव्हरच बचावात पास अडवणारा डिफेन्सिव्ह बॅक होतो, क्वार्टरबॅकच्या मागे उभा राहणारा फुलबॅक बचावात लाइनबॅकर होतो. क्वार्टरबॅक, किकर आणि एकाच बाजूने खेळणारे मोजके स्पेशालिस्ट तेवढे या दुहेरी कामातून सुटतात. पुढच्या फळीत धडका घेणाऱ्या बिचाऱ्या लाइनमनचा तर पार घामटा निघतो! इथवर कळलं. गाडी अडते ती बदलीपाशी. 2007 मध्ये मुक्त बदली (खेळाडू हवा तेव्हा बदलण्याची मुभा) आली, त्याआधी दोन्हीकडे खेळणाऱ्याला एका क्वार्टरमध्ये (सामन्याच्या चार भागांपैकी एका भागात) एकदाच बदलता यायचं. मग फुलबॅक दुखापतीने बाहेर गेला, तर ती बदली मोजायचे का? आणि त्याच क्वार्टरमध्ये तो परत येऊ शकायचा का? जाणकारांनी जरा उदाहरण देऊन सांगा.