टोकन देण्याआधी चेसिस नंबर बघ

विनय, बी ३०२: नमस्कार सगळ्यांना. मेव्हण्यासाठी एक होंडा सिटी बघितलीय. २०१३ ची, पेट्रोल, जीए ०३ पासिंग, विकणारा दुसरा मालक. एसी एकदम थंड, टायर नवे. शनिवारी म्हापशाला जाऊन टोकन देणार. फोंड्यात कोणी भरवशाचा मेकॅनिक असेल तर सांगा, एकदा खालून बघून घ्यायचीय.

दामोदर काका, ए १०१: गाडी कुठे उभी असायची ते विचार आधी. कळंगुट-कांदोळी बाजूची असेल तर खारी हवा लागलेली असणार. दारांच्या खालच्या कडा बघ, सायलेन्सर बघ, डिकीतली स्टेपनी काढून तिच्या खालचा पत्रा बघ. मॅट उचलून वास घे. पाण्यात गेलेली गाडी वासावरून कळते.

सुलक्षा, बी १०४: रेंट-अ-कॅबची नंतर प्रायव्हेट केलेली नाही ना?

विनय, बी ३०२: नाही, पहिल्यापासून प्रायव्हेटच आहे. आरसी बघितली.

रेखा टीचर, ए २०२: विनय, तू २०१३ ची सिटी म्हणालास म्हणून लगेच लिहितेय. मेकॅनिक नंतर शोध, आधी चेसिस नंबर घे आणि एअरबॅगचं रिकॉल, म्हणजे दोष निघाल्यावर कंपनीने गाडी परत बोलावून केलेली दुरुस्ती, झालंय की नाही ते बघ. २०१३ मध्ये बनलेल्या सिटी, जाझ आणि अकॉर्ड मिळून २२,८३४ गाड्या होंडाने जानेवारी २०१८ मध्ये परत बोलावल्या होत्या. त्यातल्या २२,०८४ एकट्या सिटीच्या. सगळ्या ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगसाठी.

विनय, बी ३०२: टीचर, एअरबॅगचा दिवा मी मुद्दाम बघितला. किल्ली फिरवली की लागतो आणि विझतो. मग ठीकच असणार ना?

रेखा टीचर, ए २०२: नाही रे. तो दिवा फक्त वायरिंग आणि सेन्सर जागेवर आहेत एवढंच सांगतो. आतलं रसायन कसं आहे ते त्याला कळत नाही, आणि इथे दोष रसायनाचाच आहे.

एअरबॅग हवेने फुगत नाही. तिच्यामागे एक धातूचा डबा असतो, इन्फ्लेटर. धडक बसली की त्यातल्या गोळ्या पेटतात आणि त्यांच्या गॅसने पिशवी क्षणात फुगते. ताकाताने त्या गोळ्यांसाठी अमोनियम नायट्रेट वापरलं. मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे हे वाचलं तेव्हा कपाळाला हात लावला. अमोनियम नायट्रेट हवेतलं पाणी ओढून घेतं. जूनमध्ये आपल्या बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ना, त्याच जातीचं हे. पुष्कळ इन्फ्लेटरमध्ये ओल शोषणारा पदार्थ घातलेलाच नव्हता. उन्हात गाडी तापते, रात्री निवते, असं वर्षानुवर्षं चाललं की गोळ्यांची घट्ट बांधणी सैल पडते. मग पेटायची वेळ आली की त्या ठरवल्यापेक्षा फार झपाट्याने जळतात. डबा तो दाब सहन करू शकत नाही, फुटतो, आणि पत्र्याचे तुकडे पिशवी फाडून थेट चेहऱ्या-मानेवर येतात. अपघात अगदी साधा असू शकतो, ज्यातून माणूस एरवी चालत बाहेर पडला असता.

आता गोव्याचा विचार कर. हा बिघाड ऊन आणि दमट हवा यांनीच वाढतो. म्हणूनच अमेरिकेत फ्लोरिडा, हवाई अशा उष्ण-दमट भागांतल्या गाड्या आधी हाती घ्यायचं ठरलं. मलेशियात २०१४ मध्ये होंडा सिटीच चालवणारी एक गरोदर बाई यात गेली. तिथली हवा आणि आपली हवा यांत फरक तो किती? गाडी जितकी जुनी तितका धोका जास्त, आणि तुझ्या मेव्हण्याची गाडी जुनीच आहे.

दामोदर काका, ए १०१: बाप रे. टीचर, मग ती एअरबॅगच काढून टाकली तर? किंवा फ्यूज काढायचा. मेकॅनिक पाच मिनिटांत करतो.

रेखा टीचर, ए २०२: काका, कृपा करून असं कोणी करू नका. एअरबॅग सोडवणं हे बाहेरच्या गॅरेजचं काम नव्हे, तो स्फोटक भाग आहे. आणि दुरुस्ती जर कंपनी फुकट करून देते, तर मेव्हण्याने बिनाएअरबॅगची गाडी का चालवायची?

मंगेश, सी ४०१: फुकट म्हणजे पहिल्या मालकालाच ना?

रेखा टीचर, ए २०२: नाही मंगेश, रिकॉल गाडीच्या नंबरावर असतं, मालकाच्या नावावर नाही. तिसरा मालक असला तरी करून देतात. घोटाळा वेगळाच होतो. पत्र जातं पहिल्या मालकाच्या पत्त्यावर, फोन त्याच्या जुन्या नंबरवर. गाडी विकली की आरटीओत नाव बदलतं, पण कंपनीच्या वहीत बदलतंच असं नाही. वॉरंटी संपल्यावर बरेच जण बाहेर सर्व्हिसिंग करतात, मग सर्व्हिस सेंटरवालाही सांगायला उरत नाही. म्हणून जुनी गाडी घेणाऱ्यानेच स्वतः विचारायचं असतं. हे मला फार लागून राहतं. दोष सापडलाय, भाग तयार आहे, पैसे लागत नाहीत, आणि तरी माणूस तोच डबा छातीसमोर घेऊन फिरतो, कारण त्याला कोणी सांगितलंच नाही.

सुलक्षा, बी १०४: सरकारचा काही कायदा आहे की सगळं कंपनीच्या मर्जीवर? असं विचारणार होते, मग स्वतःच शोधलं. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आलं. सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला भाग पाडू शकतं. नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू, दंड १ कोटी रुपयांपर्यंत. पण ती सक्ती सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी आहे. विनयची त्यात बसत नाही.

रेखा टीचर, ए २०२: बरोबर. पण सिटीचं रिकॉल कंपनीने स्वतःहून जाहीर केलेलं, म्हणून तिथेच विचारायचं. विनय, आरसीवर १७ अक्षरांचा चेसिस नंबर असतो, तो होंडाच्या साइटवर टाक. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत. ओ दिसला तर तो शून्य समज, नाहीतर साइट नंबर घेणार नाही आणि तुला वाटेल गाडी यादीत नाही.

विनय, बी ३०२: विकणाऱ्याकडून पूर्ण नंबर मागवतो. आरसीचा फोटो आलाय, थांबा, इथेच टाकतो.

सेक्रेटरी: विनय, आरसीचा फोटो ग्रुपवर नको. त्यावर मालकाचं नाव-पत्ता असतो. टीचरना पर्सनलवर पाठव.

मंगेश, सी ४०१: टीचर, माझी एर्टिगा २०१९ ची, पेट्रोल. मीही सेकंडहँडच घेतली. तिचं काही?

रेखा टीचर, ए २०२: बघायलाच हवं. सप्टेंबर २०२१ मध्ये मारुतीने सियाझ, एर्टिगा, ब्रेझा, एस-क्रॉस आणि एक्सएल६ अशा १,८१,७५४ पेट्रोल गाड्या मोटर जनरेटर युनिट या विजेच्या भागासाठी बोलावल्या. ४ मे २०१८ ते २७ ऑक्टोबर २०२० मध्ये बनलेल्या. दुरुस्ती होईपर्यंत साचलेल्या पाण्यातून गाडी घालू नका, इलेक्ट्रिकल भागांवर थेट पाणी मारू नका असं कंपनीनेच सांगितलं होतं. पाऊस तोंडावर आलाय. वॉशिंगला देण्याआधी चेसिस नंबर तपास.

मंगेश, सी ४०१: आजच बघतो.

दामोदर काका, ए १०१: म्हणजे वर्ष बघून ओळखता येतं की.

रेखा टीचर, ए २०२: वर्षावर विसंबू नका काका. ऑक्टोबर २०२४ मध्ये होंडाने फ्युएल पंपासाठी ९०,४६८ गाड्या बोलावल्या. पंपात दोष असला तर चालती गाडी बंद पडू शकते. त्याच्या जोडीला आणखी २,२०४ जुन्या गाड्या होत्या, ज्यांत तोच पंप नंतर सुटा भाग म्हणून बसवलेला. म्हणजे वर्ष वेगळं असूनही गाडी सापडते. चेसिस नंबर हाच खरा पुरावा.

विनय, बी ३०२: टीचर, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. साइटवर इन्फ्लेटर बाकी दाखवतंय. सर्व्हिस सेंटरला फोन केला, तेही हेच म्हणाले. पार्ट मागवावा लागेल, आला की कळवतो म्हणाले. पैसे नाहीत. विकणाऱ्याला सांगितलं तर तो म्हणतो, रिकॉलवाली गाडी म्हणजे खराब गाडी असं पसरवू नका, मला गिऱ्हाईक मिळणार नाही.

रेखा टीचर, ए २०२: त्याला शांतपणे समजाव. रिकॉल झालेली आणि दुरुस्त केलेली गाडी खराब नाही, तिचा तो प्रश्न मिटलेला असतो. दुरुस्ती बाकी राहते तीच धोक्याची. पार्ट त्याच्याच नावाने बसवून घेऊ दे, आणि कोणता भाग बदलला ते लिहिलेला जॉबकार्ड गाडीबरोबर दे म्हणावं. उद्या त्यालाच विकायला सोपं जाईल.

विनय, बी ३०२: तो तयार आहे. टोकन पार्ट बसल्यावर. मेव्हणा थोडा वैतागला, पण बहिणीने मेसेज वाचले आणि तिनेच थांबायला सांगितलं. देव बरें करूं टीचर.

शांता मावशी, सी १०२: रेखा, आमच्या सुनेने पुण्यात जुनी वॅगनआर घेतलीय, २०१९ ची. तिचाही नंबर मागवू का?

रेखा टीचर, ए २०२: हो मावशी, आजच मागवा. २०१९ च्या वॅगनआर आणि बलेनोंचा फ्युएल पंप बदलायला मारुतीने जुलै २०२० मध्ये १,३४,८८५ गाड्या बोलावल्या होत्या. मला पर्सनलवर पाठवा, मी बघून सांगते.