पावसाआधीचा आठवडा: तुमच्या घरी काय काय चालतं?

25 मेच्या आसपास रोहिणी नक्षत्र लागलं की आमच्या किनारपट्टीवर घराघरांत घाई सुरू होते. मृगाला जेमतेम दोन आठवडे, आणि आंबा अजून झाडावर, रतांबे (कोकमाची फळं) परड्यात, चाकरमानी ओटीवर, लग्नाच्या पत्रिका कोनाड्यात. शहरातले ओळखीचे म्हणतात, "मे महिना म्हणजे तुमची मजाच!" मजा असतेच, पण कुठल्या कामांच्या फटीतून काढता ते लिहा. कृती चालतील, भांडणंही चालतील. "कोकण म्हणजे स्वर्ग" तेवढं नको.

देवगड तालुका, आंब्याची बाग

पेट्यांचे दिवस संपलेले असतात. वाशीच्या बाजारातला दर उतरला की उरलेला आंबा क्रेटमध्ये भरून कॅनिंगला, किलोवर. सुरुवातीला चौदा आणे तयार (पिकायच्या जरा आधीचं) फळ पारखून, देठ राखून झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) उतरवणारे आम्हीच. आता दिसेल ते काढायचं. वळवाची सर पडली की फळमाशी आलीच. फळमाशी पकडायचे कृषी विद्यापीठाचे रक्षक सापळे झाडांना टांगलेले असतात, पण पाऊस सुरू झाल्यावर आंबा लवकर खाली आणणं हाच खरा उपाय. राखणीचे नेपाळी गडी गावी निघायच्या तयारीत असतात. त्यांचा हिशेब आणि फवारणीच्या औषधांची उधारी याच दिवसांत मिटवायची, म्हणून बाबा आणि दादा दोघांचेही आवाज चढलेले. आमरस रोज असतो आणि घरातल्या कुणालाच नको असतो. पाहुणे खातात.

कुडाळजवळून, एक सून

आमच्याकडे आंब्यापेक्षा फणस आणि रतांब्यांचं काम मोठं. कापा फणस कच्चा असतानाच पापडाला काढायचा. गरे उकडून, मिरची-मीठ-जिरं घालून कुटायचे आणि प्लास्टिकच्या कागदावर थापायचे. वाडीतल्या बायका फिरत्या असतात, आज आमच्या खळ्यात, उद्या काकींकडे. गप्पांत कुणाचं लग्न कुठे जमतंय ते सगळं कळतं, त्यामुळे मला हे काम आवडतं. बरक्याचं (मऊ गऱ्यांच्या फणसाचं) काम मात्र चिकट. गरे चाळणीवर घासून रस काढायचा, तेल लावलेल्या ताटांत पसरायचा आणि साटं (फणसपोळी) वाळेपर्यंत कावळे हाकायचे. त्या कामावर मुंबईची मुलं बसवतो. राखणापेक्षा चाटणंच जास्त होतं.

रतांब्यांना चार-पाच दिवस सलग ऊन लागतं. फोडून बिया-गर वेगळा करायचा, मीठ घालून रस सुटू द्यायचा, सालं त्या रसात बुडवून वाळत घालायची, दुसऱ्या दिवशी परत बुडवायची. पुटं नीट दिली तर आमसूल काळंभोर आणि मऊ होतं. कमी दिली तर चामट, फिकट. मध्येच पाऊस आला तर बुरशी, आणि वर्षभराची सोलकढी विकतच्या आमसुलांवर. म्हणून दुपारी तीननंतर सासूबाईंचे डोळे डोंगराकडे. गडगडलं की ओरडतात, "अगो, आभाळ भरान इला, ताटां आत घेवा!" मग हातातलं जेवणाचं ताट टाकून धावायचं. बियाही फुकट जात नाहीत. राखेत चोळून वाळवायच्या, सवड मिळाली की मुठेल (कोकमाचं घट्ट तेल) काढायचं. सवड गणपतीनंतर मिळते.

यात सगळ्या लग्नांना जायचंच असतं. पुरुष आहेर देऊन जेवून येतात. आम्ही अक्षता टाकून परत खळ्यात.

हर्णे, मच्छीमार घर

1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिकी नौकांना बंदी. त्यामुळे शेवटच्या आठवड्यात दोन कामं एकदम, जमेल तेवढ्या फेऱ्या मारायच्या आणि बोट वर घ्यायची तयारीही करायची. जाळी धुऊन, वाळवून, गुंडाळून ठेवायची. इंजिन उतरवायचं. खलाशांचा हिशेब. आई आणि बहिणी सुकवणात. पावसाचा थेंब लागलेली सुकट कोण घेणार? बंदीत घरी आराम असतो असं समजणाऱ्यांनी एकदा जाळं शिवायला बसून बघावं.

डोंबिवलीहून (गाव राजापूर तालुक्यात)

आम्ही ते ओटीवरचे चाकरमानी! कोकण रेल्वेचं बुकिंग आता 60 दिवस आधी उघडतं, आणि मे महिन्याची तिकिटं बघता बघता संपतात. गावी पोचल्यावर चहा झाला की भाऊ शिडी पुढे करतो. वानरांनी फोडलेली कौलं बदलायची, बाकीची परतायची, पागोळ्यांखालची चर मोकळी करायची. खर्च निम्मा-निम्मा ठरलेला, पण वासा बदलायचा निघाला की "राहतो कोण, भरायचे कुणी" हा विषय येतोच. वहिनी मध्ये पन्हं आणून ठेवते आणि विषय पुढच्या वर्षावर जातो. परतीच्या गाडीला डब्यात पाय ठेवायला जागा नसते, तरी फणस आणतोच. भाऊ मात्र त्या वेळी भाजलेल्या राबावर (पालापाचोळा जाळून तयार केलेल्या रोपांच्या जागेवर) भात पेरत असतो, ते काम मला कधी बघायलाच मिळत नाही.

अलिबाग

आमच्याकडे पावसाआधीच्या या बेगमीला आगोट म्हणतात. पांढऱ्या कांद्याच्या माळा माळ्यावर, सोडे (सुकी कोळंबी) आणि सुके बोंबील डब्यात, मसाला कुटून बरणीत, लाकडं पडवीत. आता दुकानं बाराही महिने उघडी असतात, तरी आईला माळा भरलेला दिसल्याशिवाय झोप लागत नाही. दरवर्षी वाद, दरवर्षी खरेदी.

कुडाळच्या ताईंना प्रश्न

रतांब्यांना मीठ किती घालता? आणि फणसाच्या आठळ्यांना कोंब येतात, त्याचं काय करायचं?

कुडाळजवळून

आमच्याकडे दहा किलो सालांना दीड किलो जाडं मीठ. शेजारी याहून कमी घालतात आणि मग आमच्याकडे मागायला येतात. आठळ्या धुऊन सुकवा, लाल मातीच्या चिखलात घोळवा, परत सुकवा आणि चुलीजवळ कोरड्यात ठेवा. श्रावणात अळूत घालायला राहतील. मात्र मुलांना जागा दाखवू नका, भाजून संपवतात.