कार्नेशनच्या कळ्या फाटायल्यात, मदत हवी आहे

गोदाकाठ: फूल उमलायच्या आधीच कळीचा हिरवा कोश एका बाजूनं उभा फाटतो अन् पाकळ्या त्या फटीतून बाहेर लोंबतात. व्यापारी असली काडी घेत नाही. लग्नसराई तोंडावर आलीय. कुठलं औषध मारू? लवकर सांगा.

शिवार: गाव कुठलं? पॉलिहाऊस का शेडनेट? पाणी कशाचं?

रानवाट: बोरॉन हे सूक्ष्म अन्नद्रव्य कमी पडलंय. माझ्याकडं हेच झालं होतं, दोन फवारण्यांत थांबलं.

शिवार: न बघता बोरॉन सांगू नका दादा. जास्त झालं तर पानांच्या कडा करपतात.

काळीमाती: आपल्या उन्हाचं पीकच नाही ते. झेंडू लावा.

गोदाकाठ: झेंडूचं विचारलं नाही हो. परभणी जिल्हा, पॉलिहाऊस, बोअरचं पाणी. एका काडीला एक फूल ठेवतो. पानं चांगली आहेत.

पानफूल: वनस्पतिशास्त्र शिकवते, म्हणून सांगते. रानटी कार्नेशनला पाकळ्या पाचच. कोशही पाच निदलं जुळून झालेली नळी, पाच पाकळ्यांच्या मापाची. आपण लावतो त्या दुहेरी वाणात त्याच नळीत चाळीस-पन्नास पाकळ्या कोंबलेल्या असतात. कळी धरताना रात्री फार गार गेल्या की पाकळ्या आणखी वाढतात, मग दुपारच्या उन्हात त्या झपाट्यानं फुगतात आणि नळी फाटते. रात्रीचं तापमान किती?

हिरवाई: ह्या फुलाला लवंगेचा वास येतो. लवंगेच्याच कुळातलं का?

पानफूल: नाही. वास युजेनॉलचा, दोन्हीत असतो. लिनियसनं १७५३ मध्ये डायान्थस कॅरिओफायलस नाव दिलं, त्यातलं कॅरिओफायलस हे लवंगेचंच जुनं नाव. पण लवंग आपल्या जांभळाच्या वंशातली. कार्नेशनची भावकी म्हणजे बुकेतली जिप्सोफिला.

गोदाकाठ: आत्ता थर्मामीटर बघून आलो. पहाटे ९, दुपारी ३१. हवा खेळावी म्हणून पडदे रात्रीही वरच असतात.

शिवार: तिथंच घोळ आहे! पाचलाच पडदे सोडा, सकाळी ऊन आलं की उघडा. रात्री १० ते १५, दिवसा २५ च्या आत ठेवायचं बघा. फरक नव्या कळ्यांत दिसेल, आत्ताच्या रबर लावून वाचवा.

रानवाट: तरी पान-माती तपासून घ्या. बोअरच्या चुनखडी पाण्यानं मातीचा सामू (पीएच) चढतो अन् असलेलं बोरॉनही मुळाला मिळत नाही.

शिवार: तपासणीला माझी ना नाही.

गोदाकाठ: रबर कळीच्या टोकाला का मधी?

शिवार: मधी, फुगीर भागावर. रंग दिसायच्या आधी.