व्हेरोनातले दोन मृत्यू आणि एक आरोपी: फ्रायर लॉरेन्स

(‘तिसरी घंटा’ यांचा लेख आणि त्याखालच्या वाचकांच्या प्रतिक्रिया. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

तिसरी घंटा

रोमिओ आणि ज्युलिएट यांच्या मृत्यूला जबाबदार कोण, हा प्रश्न शेक्सपिअरचे हे नाटक शिकवताना हमखास विचारला जातो आणि त्याचे ठरलेले उत्तरही असते: कॅप्युलेट आणि माँटेग्यू या दोन घराण्यांचे पिढीजात वैर. नाटक पुन्हा सावकाश वाचल्यावर मला हे उत्तर फार सोयीचे वाटू लागले आहे, कारण सगळा दोष वैराच्या माथी मारला की कोणत्याही जित्याजागत्या माणसाकडे बोट दाखवावे लागत नाही.

शिवाय हे वैर आपल्या आठवणीत आहे तितके धगधगतेही नाही. पहिल्या अंकात ज्युलिएटचा बाप कॅप्युलेट तिला मागणी घालायला आलेल्या पॅरिसला सांगतो की आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना शांतता राखणे काही अवघड जाऊ नये. त्याच रात्री त्याच्या घरच्या मेजवानीत मुखवटा घालून आलेला माँटेग्यूंचा मुलगा रोमिओ ओळखला जातो, ज्युलिएटचा मामेभाऊ टिबॉल्ट तलवार मागवतो, आणि त्याला दटावून गप्प बसवतो तो कॅप्युलेटच. हा मुलगा सद्गुणी आणि सभ्य आहे असे सारे व्हेरोना म्हणते, असेही तो वर ऐकवतो. शत्रूच्या मुलाबद्दल घरचा कर्ता पुरुष असे बोलत असेल, तर निखाऱ्यांवर बरीच राख साचलेली आहे आणि तिच्यावर फुंकर घालण्याचे काम तरुण पोरे आणि नोकरचाकर करीत आहेत, एवढाच अर्थ मला लागतो.

माझ्या मते मुख्य आरोपी आहे फ्रायर लॉरेन्स, म्हणजे नगरातला ख्रिस्ती भिक्षू. या संपूर्ण कथेत सर्व काही ठाऊक असलेला प्रौढ माणूस तो एकटाच आहे. ज्युलिएटच्या दाईला तिचे रोमिओशी गुपचूप लागलेले लग्न ठाऊक आहे, पण पुढे तिला दिलेली औषधाची कुपी ठाऊक नाही. आईबापांना काहीच ठाऊक नाही. राजाला तर सारे संपल्यावर कळते. सोमवारी सकाळी रोमिओ फ्रायरकडे येतो तेव्हा कालपर्यंत रोझलाइनसाठी झुरणारा हा मुलगा एका रात्रीत दुसरीच्या प्रेमात पडला म्हणून फ्रायर त्याला टोमणे मारतो, आणि त्याच दमात लग्न लावून देण्यास तयारही होतो. का, तर या विवाहामुळे दोन घराण्यांचा द्वेष प्रेमात बदलेल. म्हणजे ज्या लग्नाच्या पायावर त्याचा स्वतःचाच विश्वास नव्हता, ते त्याने नगराच्या शांततेचे औषध म्हणून लावले. त्याला वनस्पतींचे सखोल ज्ञान होते, आणि एकाच फुलात विष आणि औषध दोन्ही असतात हे त्यानेच थोड्या वेळापूर्वी टोपली भरताना आपल्याला सांगितलेले असते.

त्यानंतर रोमिओच्या हातून टिबॉल्ट मारला जातो, रोमिओ हद्दपार होतो आणि ज्युलिएटचे लग्न पॅरिसशी ठरते. त्या क्षणी ‘हिचे लग्न मी लावून दिले आहे’ हे एक वाक्य राजापुढे उच्चारले असते, तर पॅरिसशी विवाह धर्माने आणि कायद्याने अशक्य ठरला असता. ते वाक्य उच्चारण्याऐवजी फ्रायर चौदा वर्षेही पूर्ण न झालेल्या मुलीच्या हाती बेचाळीस तास प्रेतवत ठेवणारी कुपी देतो, आणि ती थडग्यात जागी होईल तेव्हा तिला न्यायला ये, असे पत्र मँटुआ शहरी हद्दपारीत असलेल्या रोमिओला धाडायचे ठरवतो. (मंगळवारी रात्री घेतलेले औषध गुरुवारी पहाटे उतरले, तर बेचाळीस तास भरतातच कसे, हा हिशेब मला आजवर जुळवता आलेला नाही, पण तो दोष शेक्सपिअरचा, फ्रायरचा नव्हे.) आणि शेवटी थडग्यात ती जागी होते तेव्हा पहारेकऱ्यांची चाहूल लागताच हा गृहस्थ तिला मेलेल्या नवऱ्याशेजारी एकटी सोडून पळून जातो.

जुनी वही

आपण कॅप्युलेटला पहिल्या अंकापुरते पाहिले आणि तिथेच पुस्तक मिटले, असे मला नाइलाजाने म्हणावे लागते. अजून दोन उन्हाळे जाऊ द्या, तिची संमती असेल तरच माझी संमती, असे पॅरिसला सांगणारा हाच बाप तिसऱ्या अंकात मुलीला न विचारता गुरुवारचा मुहूर्त ठरवून मोकळा होतो. तिने नकार देताच, ज्या फळीवर गुन्हेगारांना बांधून फरफटत नेत तसल्या फळीवरून चर्चपर्यंत ओढत नेण्याची धमकी देतो, आणि माझे ऐकत नसशील तर रस्त्यावर भीक माग, उपाशी मर, असे सुनावतो. राखेखाली निखारा किती होता, ते या प्रसंगात दिसते. फक्त तो शत्रूवर न पडता पोटच्या पोरीवर पडला.

अशा माणसाला फ्रायरने जाऊन सत्य सांगावे, अशी आपली अपेक्षा आहे. काय झाले असते? जावई म्हणून समोर उभा राहणारा मुलगा घरच्या टिबॉल्टचा मारेकरी होता, आणि ज्युलिएटची आई तर मँटुआत माणूस पाठवून रोमिओला विष घालण्याचे बेत मुलीसमोरच बोलून दाखवत होती. फ्रायरच्या मौनाला भित्रेपणा म्हणणे सोपे आहे, परंतु त्या मौनामुळेच रोमिओ जिवंतपणी व्हेरोनाबाहेर पोहोचला.

एका गोष्टीकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. फ्रायरची योजना बुधवारी रात्री औषध घेण्याची होती, कारण लग्न गुरुवारी होते. ज्युलिएट घरी जाऊन खोटी माफी मागते, बापाला आनंदाचे भरते येते आणि त्या भरात तो लग्न एक दिवस अलीकडे, बुधवारवर आणतो. त्यामुळे औषध मंगळवारीच घ्यावे लागते. पत्र मँटुआला पोहोचवण्यासाठी राखून ठेवलेला संपूर्ण दिवस कॅप्युलेटच्या लहरीने असा गिळून टाकला.

काठावरचा

लग्न कोणी लावले आणि कोणी अलीकडे आणले, याची चर्चा चालू राहू द्या. पण विष विकत घेऊन प्यायले कोणी? मँटुआच्या कायद्यानुसार विष विकणाऱ्याला मृत्युदंड होता, हे ठाऊक असताना रोमिओ एका भुकेकंगाल औषधविक्याला चाळीस डुकाट (सोन्याची नाणी) देऊन ते विकत घेतो. त्याआधी त्याने टिबॉल्टला ठार केले आहे, त्यानंतर थडग्यापाशी तो पॅरिसला ठार करतो, आणि पॅरिसचा या प्रकरणातला गुन्हा एवढाच की आपल्या नियोजित वधूच्या कबरीवर तो फुले वाहायला आला होता. हद्दपारीची बातमी ऐकून फ्रायरच्याच खोलीत रोमिओने स्वतःवर खंजीर उगारलेला आपण पाहतो. अशा मनुष्याला वाचवण्यासाठी जगातल्या सर्व टपालव्यवस्था बिनचूक चालायला हव्यात, असा आग्रह धरणे व्यर्थ आहे.

मला सर्वांत अक्षम्य वाटते ते त्याचे न थांबणे. ज्युलिएटच्या मृत्यूची बातमी घेऊन आलेल्या नोकराला तो एकदा नव्हे, दोनदा विचारतो की फ्रायरकडून पत्र नाही का आणलेस. म्हणजे पत्र यायला हवे होते याची जाणीव त्याला आहे. नोकर नाही म्हणतो, धनी फार अस्वस्थ दिसतात म्हणून थोडा धीर धरण्याची विनवणीही करतो, आणि हा त्याच रात्री घोडे सांगतो. थडग्यात तर ज्युलिएटच्या ओठांवर आणि गालांवर अजून लाली आहे हे त्याला दिसते, तो ते बोलूनही दाखवतो, आणि तरीही कुपी तोंडाला लावतो. आणखी काही घटका थांबला असता, तर ती जागी झाली असती.

सांजवात

वरचे तिघेही दोन मृत्यूंचा एकच खटला चालवत आहेत, आणि माझ्या मते चर्चेची गाडी तिथेच अडते. रोमिओ खोट्या बातमीमुळे मेला. ज्युलिएटकडे खोटी बातमी नव्हतीच. तिला सर्व काही खरे ठाऊक होते. ती मेली, कारण तिच्याजवळ कोणी उरले नाही.

ज्युलिएटच्या बाजूने तो मंगळवार पुन्हा वाचून पाहा. पहाटे नवरा शिडीवरून उतरून हद्दपारीत निघून गेला. थोड्याच वेळात बापाने घराबाहेर काढण्याची धमकी दिली. तिने आईचे पाय धरले, लग्न निदान महिनाभर, आठवडाभर पुढे ढकल म्हणून विनवले, तर आई म्हणाली की मला तुझ्याशी बोलायचेच नाही, तुला काय करायचे ते कर. मग ती वळली दाईकडे, जिने तिला अंगावर पाजून वाढवले आणि कालच्या लग्नासाठी निरोप नेले, शिडीही आणून दिली. दाईने सल्ला दिला की पॅरिसशी लग्न करून टाक, रोमिओ त्याच्यापुढे भांडी पुसायच्या फडक्याइतका. एका सकाळीत चार माणसे गेली. पाचवा फ्रायर होता, आणि तो गुरुवारी पहाटे थडग्यातून गेला. जाताना तिला त्याने काय देऊ केले? संन्यासिनींच्या मठात तुझी सोय करतो, एवढेच.

‘जुनी वही’ यांनी कॅप्युलेटवर आणि ‘तिसरी घंटा’ यांनी फ्रायरवर जे म्हटले आहे ते मला दोन्ही पटते, मात्र ज्युलिएटपुरते. रोमिओपुरते ‘काठावरचा’ यांचे म्हणणे बरेचसे मान्य करायला हवे. मात्र एक ध्यानात असू द्यावे. ज्या इंग्रजी काव्यावरून शेक्सपिअरने ही कथा घेतली, त्या आर्थर ब्रुकच्या १५६२ सालच्या काव्यात ज्युलिएट सोळा वर्षांची आहे आणि कथा कित्येक महिने चालते. शेक्सपिअरने तिचे वय चौदाच्याही खाली आणले आणि सगळा काळ जेमतेम पाच दिवसांत कोंबला. वय कमी करून त्याने तिच्या माथ्यावरचा दोष उतरवला आणि भोवतालच्या मोठ्यांवर टाकला, असे मला वाटते.

पायवाट

आपण सर्वजण माणसे शोधत आहात आणि प्लेगच्या साथीला विसरत आहात. फ्रायर जॉन लॉरेन्सचे पत्र घेऊन मँटुआला निघतो, सोबतीसाठी दुसऱ्या एका भिक्षूला शोधायला जातो, तो भिक्षू एका घरी आजाऱ्यांची शुश्रूषा करत असतो, आणि त्या घरात प्लेग असल्याच्या संशयावरून नगराचे तपासनीस दोघांना आत ठेवून दारे मोहोरबंद करतात. पत्र परत पाठवायलाही माणूस मिळत नाही, कारण प्रत्येकाला संसर्गाची धास्ती. आज हा भाग वाचताना तो ओढूनताणून आणलेला योगायोग वाटू शकतो. परंतु १५९२ ते १५९४ या काळात लंडनमधली नाट्यगृहे साथीपायी बराच काळ बंद होती, आणि हे नाटक त्यानंतर लवकरच लिहिले गेले. बंद केलेली दारे त्या प्रेक्षकांनी आपल्या गल्लीत पाहिलेली होती. मरणाऱ्या मर्क्युशिओने, म्हणजे रोमिओच्या मित्राने, ‘तुमच्या दोन्ही घरांवर प्लेग येवो’ असा तळतळाट केलेला असतो, आणि प्लेग खरोखरच एका घरावर येतो, फक्त तिसऱ्याच. याची जबाबदारी आपण कोणावर टाकणार?

जुनी वही

‘पायवाट’ यांना उत्तर: साथीवर नाही, पण साथ चालू असताना एकाच माणसाच्या हाती एकच पत्र देणाऱ्यावर थोडीफार टाकावी लागेल, हे मी फ्रायरचा कैवारी असूनही मान्य करतो. मात्र माझा तो एक दिवस अजून कोणी खोडलेला नाही. मूळ बेताप्रमाणे औषध बुधवारी रात्री घेतले गेले असते, तर पत्र अडल्याचे फ्रायरला वेळेत कळले असते आणि दुसरे पत्र धाडता आले असते. शिवाय राजा एस्कॅलसचे नावही कोणी काढले नाही, याचे आश्चर्य वाटते. तीन दंगली होईपर्यंत तो नुसता दम देत राहिला, आणि तुमच्या भांडणांकडे मी डोळेझाक केली म्हणून माझेही दोन आप्त गेले, असे शेवटी तो स्वतःच कबूल करतो. ते दोन आप्त म्हणजे मर्क्युशिओ आणि पॅरिस.

तिसरी घंटा

आपला एक दिवस मला मान्य आहे आणि कॅप्युलेटवरचा आरोप मी मागे ढकलला होता तो पुन्हा पुढे घेतो. ‘सांजवात’ यांनी दोन खटले वेगळे केले, ती दुरुस्तीही स्वीकारतो.

पण ‘काठावरचा’ यांच्यासाठी एक टिपण. तरुण प्रेमिकांच्याच माथी दोष मारण्याची परंपरा जुनी आहे, खुद्द ब्रुकची. आपल्या काव्याच्या प्रस्तावनेत तो या दोघांना वासनेच्या आहारी गेलेले आणि आईबापांचा सल्ला धुडकावणारे ठरवतो. पुढे काव्याच्या अखेरीस न्यायनिवाडाही करून टाकतो: दाई हद्दपार होते, औषधविक्या फासावर जातो, आणि फ्रायर निर्दोष सुटून एकांतवासात जातो. शेक्सपिअरपुढे ही यादी तयार होती. त्याने ती वापरली नाही. काहींना क्षमा होईल, काहींना शिक्षा, एवढेच त्याचा राजा म्हणतो आणि नाटक संपते.

‘पायवाट’ यांच्या साथीच्या मुद्द्यावर मात्र मी हटणार नाही. तिसऱ्या अंकात रोमिओला मँटुआला पाठवताना फ्रायरने एक स्पष्ट वचन दिले होते: तुझ्या नोकराला मी शोधून काढीन आणि इथली प्रत्येक चांगली बातमी वेळोवेळी त्याच्याकरवी तुला कळवीन. तो नोकर, बॅल्थझार, बुधवारी व्हेरोनातच होता. ज्युलिएटला थडग्यात ठेवताना त्याने स्वतः पाहिले आणि घोड्यावर बसून त्याने ती बातमी मँटुआला पोहोचवली. म्हणजे रस्ता मोकळा होता, घोडा होता, जाणारा माणूस होता आणि तो ठरल्याप्रमाणे गेलाही. फक्त ठरलेल्या माणसाला सोडून फ्रायरने पत्र दुसऱ्याच्या हाती दिले, आणि जो गेला त्याला खरे काय ते सांगितलेच नाही. दाराला मोहोर प्लेगने लावली असेल, पण बॅल्थझारच्या वाटेत कोणतेही दार नव्हते.

शेवटच्या प्रसंगात फ्रायर सगळी हकीकत सांगतो, आणि यात माझी काही चूक ठरत असेल तर माझ्या म्हाताऱ्या जिवाला कायद्याची कठोरात कठोर शिक्षा द्या, असे म्हणतो. राजा उत्तर देतो की आम्ही तुला नेहमीच पुण्यवान म्हणून ओळखत आलो आहोत. पुढच्याच ओळीत तो विचारतो, रोमिओचा नोकर कुठे आहे. बॅल्थझार पुढे येतो, आपण मृत्यूची बातमी नेल्याचे सांगतो आणि धन्याने बापासाठी दिलेले पत्र राजाच्या हाती देतो. फ्रायरने तुला काही सांगितले होते का, असे त्याला कोणी विचारत नाही.