गणपतीआधी कपाटाला पॉलिश, दोन खोल्यांचं घर: गॅस कधी पेटवायचा?

चाळकरीण, गिरगाव: आमच्या दोन खोल्यांत सासूबाईंचं सागवानी कपाट आहे. गणपती यायच्या आत त्याला पॉलिश करायचंय आणि स्वयंपाकाच्या ओट्याखाली सनमाईकही चिकटवायचाय. पाऊस असल्यामुळे खिडक्या अर्ध्या बंदच असतात. मिस्त्री म्हणतात, "काही होत नाही, दोन तासांत वास जातो." पण देवघरात सकाळ-संध्याकाळ निरांजन लागतं आणि ओटा तिथून जेमतेम सहा फुटांवर. दोन तास खरंच पुरतात का?

जुना पॉलिशवाला, परळ: ताई, नाही पुरत. तीस वर्षं हेच काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सनमाईकला लावतात ते पिवळं रबरी सोल्युशन पॉलिशपेक्षा जास्त जपून वापरायचं. त्यातला पातळ करणारा द्रव उडून जातो तेव्हा त्याची वाफ वर जात नाही, जमिनीलगत पसरते. हा द्रव म्हणून अशा सोल्युशनमध्ये बरेचदा टोल्युइन असतं. त्याची वाफ हवेच्या तिपटीहून जड असते, आणि ४ अंश सेल्सिअसलाच ती पेट घेण्याइतकी तयार होते. मुंबईत एवढी थंडी कधीच नसते, म्हणजे डबा उघडला की धोका सुरू.

दादरला एका घरात आम्ही ओट्याखाली सनमाईक लावत होतो. बाजूच्या खोलीत कुणीतरी चहा ठेवला. आग गॅसपासून जमिनीवरून धावत आमच्याकडे आली. माझ्या हाताखालच्या पोराचे दोन्ही पाय घोट्यापर्यंत भाजले. ती वाफ कुणाला दिसली नव्हती. तेव्हापासून काम चालू असताना मी घरात चूल पेटवू देत नाही.

तुम्ही त्या दिवशीचा स्वयंपाक शेजारी करा. निरांजनही त्यांच्याकडेच लावा, देव रागावणार नाही. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा, फ्रिजचा प्लग आधीच काढून ठेवा, त्याच्या आतही ठिणगी पडते. वास भरल्यावर कुठलंही बटण दाबू नका. गॅस दुसऱ्या दिवशीच, तोही बाहेरून आलेल्या माणसाला वास येत नसेल तर. घरात बसलेल्यांचं नाक सरावतं, त्यांना विचारून उपयोग नाही.

पाऊस आत आला तरी चालेल, समोरासमोरची दार-खिडकी उघडी हवी. मुसळधार असेल तर काम पुढे ढकला.

सुतार, विक्रोळी: काकांचं बरोबर. मी चिंध्यांबद्दल सांगतो. जवसाचं तेल लावलेला बोळा चुरगळून कोपऱ्यात टाकला, तर काडी न लावताही पेटू शकतो. तेल वाळताना उष्णता सुटते, ती घडीत कोंडते. चिंधी एकेक पसरून बाहेर वाळवा, नाहीतर पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवा. आणि थिनर पेटला तर त्यावर पाणी ओतू नका, तो पाण्यावर तरंगून आणखी पसरतो. वाळूची बादली जवळ असू द्या. आग हाताबाहेर गेली तर सगळ्यांना घेऊन बाहेर पडा, मग १०१.

चाळकरीण, गिरगाव: काका, त्या पोराचं ऐकून पोटात गोळा आला. सनमाईकसाठी पांढरा फेविकॉल चालेल का?

जुना पॉलिशवाला, परळ: चालेल. तो पाण्यातला आहे, वाफ पेटायची भीती नाही. फक्त रात्रभर दाबून ठेवावं लागतं, म्हणून मिस्त्री कंटाळतात. तुम्ही आग्रह धरा. तो पोरगा आता स्वतः मिस्त्री आहे, ओट्याखाली पांढराच वापरतो.

चाळकरीण, गिरगाव: मग तसंच सांगते. पॉलिश रविवारी, जेवण शेजारच्या वहिनींकडे. फ्रिजमधलं दूधही त्यांच्याकडेच ठेवते.