रेशनकार्ड, दिनार आणि तेल: इराकवरच्या निर्बंधांबद्दल ग्रुपवरची चर्चा

मृणाल (डी २०३): एक विचारायचं होतं. युद्धात सापडलेल्या देशावर निर्बंध आले की "आता तिथलं सरकार कोसळणार" असं दर वेळी ऐकू येतं. इराकवर तर जवळजवळ १३ वर्षं निर्बंध होते आणि सद्दाम गेला तो परकं सैन्य उतरल्यावरच. मग इतक्या वर्षांत तिथलं राजकारण जागचं हललंच नाही का?

कुलकर्णी काका (बी ४०२): हललं, खूप हललं. पण निर्बंध लादणाऱ्यांना हवं होतं त्या दिशेला नाही. २ ऑगस्ट १९९० ला कुवेतवर चढाई झाली आणि ६ तारखेला सुरक्षा परिषदेचा ठराव ६६१ आला. तेल विकायचं नाही, बाहेरून काही आणायचं नाही. सूट फक्त औषधांना आणि मानवतेच्या कारणासाठी लागणाऱ्या अन्नाला. इराकचं जवळजवळ सगळं परकीय चलन तेलातून यायचं आणि अन्नाचा मोठा भाग आयात व्हायचा. म्हणजे पैसा आणि धान्य दोन्ही एकाच वेळी बंद. सरकारने सप्टेंबर १९९० मध्येच रेशन सुरू केलं आणि पुढचं सगळं राजकारण त्या रेशनकार्डाभोवती फिरलं.

वैशालीताई (ए ३०१): आणि ती व्यवस्था कमालीची नेटकी होती, हे मान्य करायलाच हवं. वस्तीतलाच एखादा दुकानदार एजंट, असे देशभर सुमारे ४५ हजार. महिन्याला माणशी पीठ, तांदूळ, साखर, चहा, तेल, साबण, तान्हं बाळ असेल तर दुधाची पावडर. पैसे नाममात्र. ही नसती तर दुष्काळ पडला असता. पण दुसरी बाजू बघ, मृणाल. कुठल्या घरात किती माणसं, कोण जन्मलं, कोण वारलं, कोण दुसरीकडे राहायला गेलं, हे सगळं सरकारच्या वहीत. सैन्यातून पळालेल्यांच्या घरचं रेशन रोखल्याच्या तक्रारी संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार अहवालांत आलेल्या आहेत. ज्याच्या हातात महिन्याचं पीठ, त्याच्याविरुद्ध रस्त्यावर कोण उतरणार?

मृणाल (डी २०३): पण शिकलेला मध्यमवर्ग होता ना तिथे? डॉक्टर, प्राध्यापक, इंजिनिअर?

वैशालीताई (ए ३०१): त्यांचंच कंबरडं सगळ्यात आधी मोडलं. सरकारी दराने एका दिनारला तीन डॉलरच्या वर मिळायचे. बाजारात मात्र १९९५ च्या अखेरीस एका डॉलरला ३,००० दिनारच्या आसपास मोजावे लागत होते. तेलाचा पैसा नाही म्हणून सरकारने नोटा छापल्या, तेही देशातच, हलक्या कागदावर. पगार दिनारमध्ये, त्यामुळे शिक्षकाचा महिन्याचा पगार काही डॉलरवर आला. लोकांनी आधी दागिने विकले, मग फर्निचर, मग पुस्तकं. ज्यांना जमलं ते देश सोडून गेले. संघटना बांधू शकेल, वर्तमानपत्र काढू शकेल असा जो थर असतो, तोच विरघळला. त्याच काळात सद्दामने टोळीप्रमुखांना पुन्हा हाताशी धरलं, १९९३ पासून सरकारी "श्रद्धा मोहीम", म्हणजे धर्माचा सरकारी प्रचार, चालवली आणि १९९४ मध्ये चोरीला हात तोडण्याची शिक्षा आणली. एके काळी धर्मनिरपेक्ष म्हणवणाऱ्या सद्दामच्या बाथ पक्षाचं हे रूप निर्बंधांच्या काळातलं आहे. २००३ नंतर इराकमध्ये टोळी आणि पंथ इतके वर का आले, याचं निदान अर्धं उत्तर इथे सापडतं.

सलीमभाई (सी १०४): नोटांचा विषय निघालाच आहे तर उत्तरेचं सांगतो. १९९१ च्या अखेरीस बगदादने कुर्द भागातून आपला कारभार काढून घेतला आणि वर नाकेबंदीही लावली. म्हणजे कुर्दांवर दोन निर्बंध, एक जगाचा इराकवर आणि दुसरा बगदादचा त्यांच्यावर. १९९३ मध्ये सरकारने २५ दिनारची जुनी नोट रद्द केली. कुर्द भागात मात्र जुन्या नोटा चालूच राहिल्या. लोक त्यांना "स्विस दिनार" म्हणत. मागे कुठलीही मध्यवर्ती बँक नाही, पण नव्या छापता येत नव्हत्या म्हणूनच त्यांचं मोल टिकलं. दक्षिणेतला दिनार गडगडत असताना ही नोट कितीतरी भक्कम राहिली.

मृणाल (डी २०३): म्हणजे उत्तरेत निर्बंधांचा राजकीय फायदा झाला म्हणायचं?

सलीमभाई (सी १०४): स्वायत्तता मिळाली, हो. पण भांडणही तिथेच पेटलं. तुर्कस्तानच्या सीमेवर इब्राहिम खलील नाका आहे. तुर्की ट्रक धान्य घेऊन येत आणि जाताना जादा टाक्यांतून इराकी डिझेल भरून नेत. कुर्दांचे दोन मोठे नेते, बारझानी आणि तालबानी. त्या जकातीचा पैसा बारझानींच्या पक्षाला मिळे, तालबानींच्या पक्षाच्या वाट्याला फारसं काही येत नसे. १९९४ पासून दोघांत यादवी झाली, तिच्यामागे हा नाका एक मोठं कारण होता. ३१ ऑगस्ट १९९६ ला तर बारझानींनी तालबानींना हटवायला सद्दामचेच रणगाडे एरबिल या कुर्द शहरात बोलावले. उघडा व्यापार बंद झाला की चोरट्या व्यापाराचा नाका ज्याच्या ताब्यात, तो पुढारी मोठा होतो. इराकमध्ये हे सगळीकडे झालं, उत्तरेत स्पष्ट दिसलं इतकंच.

शिंदे सर (ए ५०२): "तेलाच्या बदल्यात अन्न" योजनेचं कुणीतरी नीट सांगा. तिच्याबद्दल अर्धवट माहिती फार फिरते.

कुलकर्णी काका (बी ४०२): सांगतो, जरा लांब आहे.

१९९१ मध्ये ठराव ७०६ ने सहा महिन्यांत १.६ अब्ज डॉलरचं तेल विकायची मुभा देऊ केली होती. सार्वभौमत्वाचा प्रश्न म्हणून बगदादने ती नाकारली. मग एप्रिल १९९५ मध्ये ठराव ९८६ आला, मे १९९६ मध्ये करार झाला, डिसेंबर १९९६ मध्ये तेल निघालं आणि पहिलं अन्न पोहोचलं मार्च १९९७ मध्ये. म्हणजे ठरावापासून ताटापर्यंत जवळजवळ दोन वर्षं.

पैसा इराकच्या हातात द्यायचा नव्हता, म्हणून न्यूयॉर्कच्या एका बँकेत संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यातलं खातं उघडलं. प्रत्येक १०० डॉलरमागे ३० युद्धाच्या नुकसानभरपाईला, ५३ मध्य आणि दक्षिण इराकला, १३ उत्तरेच्या तीन प्रांतांना, उरलेले योजनेचा खर्च, शस्त्रतपासणी वगैरेंना. उत्तरेत योजना संयुक्त राष्ट्रांच्या संस्थाच राबवत. बाकी देशात मात्र काय घ्यायचं आणि कुणाकडून घ्यायचं, हे इराक सरकार ठरवायचं. फट राहिली ती इथे.

सलीमभाई (सी १०४): त्या फटीतून पैसा कसा काढला ते असं. समजा १०० डॉलरचा माल आहे. पुरवठादाराला सांगायचं, करार ११० चा कर. मंजुरी मिळाली की न्यूयॉर्कच्या खात्यातून त्याला ११० मिळणार. वरचे १० त्याने इराकच्या बाहेरच्या खात्यांत भरायचे किंवा वकिलातीत रोख द्यायचे. कागदावर नाव "विक्रीपश्चात सेवा शुल्क". त्याआधी १९९९ पासून "देशांतर्गत वाहतूक" या नावाने वसुली सुरू झालीच होती.

तेलातही तेच. इराकी तेलाचा दर ६६१ समिती, म्हणजे निर्बंधांवर देखरेख ठेवणारी सुरक्षा परिषदेची समिती, मंजूर करायची. तो बाजारापेक्षा थोडा खाली ठेवला की खरेदीदाराला आपोआप नफा. मग २००० च्या शरद ऋतूपासून बॅरलमागे काही सेंट अधिभार मागायचा. कुणाला तेल द्यायचं हे बगदाद ठरवणार, म्हणून वाटप मित्रांना. २००१ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनने दर आधी न ठरवता महिनाअखेरीला मागे जाऊन ठरवायचा आग्रह धरला, तेव्हा नफ्याची जागा उरली नाही आणि अधिभारही आटला.

वैशालीताई (ए ३०१): सलीमभाई, एक भर. या योजनेची चौकशी करायला संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या व्होल्कर समितीच्या २००५ च्या अहवालाप्रमाणे योजनेतून असे सुमारे १.८ अब्ज डॉलर गेले आणि २,२०० हून जास्त कंपन्यांचा संबंध आला. पण योजनेच्या बाहेरची तेलचोरी याहून कितीतरी मोठी, जवळपास ११ अब्ज डॉलरची. जॉर्डन, तुर्कस्तान, पुढे सीरिया. जॉर्डनला जाणारं तेल तर समितीला पहिल्यापासून ठाऊक होतं. शेजारी मित्रदेश बुडू नयेत म्हणून कानाडोळा केला गेला. भ्रष्टाचाराची चर्चा करताना हा भाग गाळला की चित्रच चुकतं.

कुलकर्णी काका (बी ४०२): आणि त्या ६६१ समितीत १५ सदस्य, एकाने हरकत घेतली की करार अडकला. शस्त्रांसाठी वापरता येईल अशी शंका पुरे. पंप, क्लोरीनची उपकरणं, विजेचे सुटे भाग. २००२ पर्यंत ५ अब्ज डॉलरहून जास्त किमतीचे करार असे लटकले होते. टर्बाइन आलं पण त्याचा नियंत्रक अडकला, मग टर्बाइन गोदामात पडून. फुगवलेल्या किमतीवर मात्र बारकाईने हरकत घेतलेली फारशी दिसत नाही. बगदादला ही अडवणूक प्रचाराला उपयोगी पडायची. पाणी घाण येतंय, दोष बाहेरच्यांचा. संयुक्त राष्ट्रांचे इराकमधले मानवतावादी समन्वयक डेनिस हॅलिडे १९९८ मध्ये आणि त्यांच्यानंतरचे हान्स फॉन श्पोनेक २००० मध्ये राजीनामा देऊन बाहेर पडले, ते याच दुःखाने.

मृणाल (डी २०३): निर्बंधांमुळे पाच लाख मुलं दगावल्याचा आकडा खरा आहे का?

वैशालीताई (ए ३०१): तो आकडा वापरू नकोस. १९९९ च्या सर्वेक्षणावरून तो जगभर पसरला, पण २००३ नंतरच्या सर्वेक्षणांत बालमृत्यूंची तशी उसळी दिसत नाही. मूळ माहितीत सरकारने फेरफार केल्याचं संशोधकांनी दाखवलं आहे. हाल खरे होते, कुपोषण खरं होतं. खोटा आकडा जोडला की खऱ्या हालांवरचाही विश्वास उडतो, याचंच मला वाईट वाटतं.

शिंदे सर (ए ५०२): मला इथे थोडं विरुद्ध मत मांडायचं आहे. निर्बंध फसले, असं सरसकट म्हणू नये. युद्धानंतर इराकमध्ये अस्त्रं शोधणाऱ्या अमेरिकी पथकाच्या २००४ च्या डुल्फर अहवालाने स्पष्ट केलं की अण्वस्त्र कार्यक्रम १९९१ नंतर थांबला होता आणि संहारक अस्त्रांचे साठे उरले नव्हते. तपासणी आणि पैशाची कोंडी यांनी ते साधलं. सैन्यही मोडकळीला आलं होतं. शस्त्रं काढून घेणं हे उद्दिष्ट पार पडलं, राजवट बदलणं हे नाही. दोन्हींना एकच माप लावलं की चुकीचा धडा घेतला जातो.

कुलकर्णी काका (बी ४०२): सर, पूर्ण मान्य. पण मग सुटकेची अट बघा. १९९१ च्या युद्धबंदीच्या ठराव ६८७ च्या २२ व्या परिच्छेदात होतं की निःशस्त्रीकरण पुरं झालं की तेलविक्रीवरची बंदी उठेल. मार्च १९९७ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री ऑलब्राइट यांनी जाहीर केलं की सद्दाम आहे तोवर ते पुरेसं मानलं जाणार नाही. अट पाळूनही सुटका नाही म्हटल्यावर संयुक्त राष्ट्रांच्या शस्त्र-तपासनिसांना दार उघडायचं कशाला? १९९८ च्या अखेरीस तपासनीस बाहेर पडले आणि चार वर्षं परत गेले नाहीत. त्या चार वर्षांच्या अंधारात "अस्त्रं आहेत" हा दावा वाढला आणि त्यावर २००३ चं युद्ध उभं राहिलं. माझ्या मते निर्बंधांचा सगळ्यात घातक राजकीय परिणाम हाच.

सलीमभाई (सी १०४): आणि सद्दाम गेल्यावरही हिशेब संपला नाही. मे २००३ मध्ये ठराव १४८३ ने व्यापारी निर्बंध उठले, पण तेलाच्या पैशातून ५ टक्के भरपाईसाठी कापणं चालू राहिलं. एकूण ५२.४ अब्ज डॉलरच्या भरपाईचा शेवटचा हप्ता जानेवारी २०२२ मध्ये फिटला. ज्या सरकारने चढाई केली ते केव्हाच संपलं होतं.

मृणाल (डी २०३): आणि ते रेशन? निर्बंध उठल्यावर बंद झालं असेल ना?

वैशालीताई (ए ३०१): नाही. यादी तीच, एजंट बहुतेक तेच. जानेवारी २००५ च्या निवडणुकीला मतदारयादी नव्हती आणि जनगणना करायला वेळ नव्हता. म्हणून रेशनच्या यादीवरूनच मतदारयादी केली. नोव्हेंबर २००४ पासून एजंटांनी महिन्याच्या पिठा-तांदळासोबत घरोघरी मतदार नोंदणीचे कागद दिले.