रॉम बदलताना डेटा पुसायचाच का? आणि कॅशेचं काय?

कुळागर, फोंडा

आमच्या भागात कस्टम रॉम, म्हणजे कंपनीऐवजी इतरांनी बनवलेलं अँड्रॉइड, फोनवर टाकणारे वाढलेत. फोन धडधाकट असतो, कंपनीने अपडेट बंद केलेले असतात, म्हणून लोक लिनिएजओएस या अशाच रॉमकडे वळतात. मला ते आवडतं, चालता फोन कपाटात टाकण्यापेक्षा हे कितीतरी बरं. खटकतं ते एवढंच, की व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या सूचनांची पहिली ओळ हमखास अशी असते: "आधी सगळं वाइप करा. कॅशे, डाल्विक, सिस्टम, डेटा, सगळ्या चौकटींवर टिक. तीनदा करा." कॅशे म्हणजे तात्पुरत्या ठेवलेल्या फायली, डाल्विक म्हणजे ॲप्सचा तयार करून ठेवलेला कोड. पण ते का पुसायचं, त्यात काय जातं, हे कुणीच लिहीत नाही.

माझं मत मांडतो. एका रॉमवरून दुसऱ्याच रॉमवर जाताना डेटा पुसायलाच हवा, तिथे तडजोड नको. त्याच रॉमचं नवं बिल्ड, म्हणजे ताजी प्रत, टाकताना डेटाला हात लावायचं कारण नाही. आणि कॅशे पुसण्याचा आग्रह आजच्या फोनवर निव्वळ जुन्या सवयीने चाललाय. चवथ (गणेश चतुर्थी) नुकतीच झालीय, घरोघरी फोनमध्ये माटोळीचे, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या सजावटीचे, फोटो आणि आरत्यांचे व्हिडिओ भरलेत. या दिवसांत आंधळेपणाने टिक करणं महागात पडेल, म्हणून विषय आत्ताच काढला. तुमचं म्हणणं सांगा.

दुरुस्तीवाला, म्हापसा

कुळागरबाब, अर्धंच पटलं. काउंटरवर बसणाऱ्याला नियम एकच लागतो. गिऱ्हाईक शुक्रवारच्या बाजाराला म्हापशात येतं, सकाळी फोन देतं आणि परतीच्या बसआधी मागतं. त्या फोनवर आधी कोणी काय टाकलंय, मॅजिस्कची (सिस्टममध्ये बदल करणाऱ्या साधनाची) मॉड्यूल, वेगळा कर्नल (सिस्टमचा गाभा), कुठली थीम, ते त्यालाच माहीत नसतं. डेटा तसाच ठेवून फ्लॅश केला, म्हणजे नवा रॉम टाकला, आणि फोन सुरू झाला, तरी आठवड्याने तो परत येतो. बॅटरी उतरते, कॉन्टॅक्ट उघडताच बंद पडतात, नोटिफिकेशन वेळेवर येत नाहीत. मग दोष नव्या रॉमचा की जुन्या डेटाचा, शोधत बसा. रॉम बनवणाऱ्यांकडे बग घेऊन गेलात तर त्यांचाही पहिला प्रश्न तोच असतो: क्लीन फ्लॅश, म्हणजे डेटा पुसून, केला होता का?

म्हणून माझ्याकडे सगळं पुसायचं, कॅशेसकट. कॅशे पुसायला काही सेकंद लागतात, नुकसान काही नाही. त्यावर वाद कशाला?

मांडवीकाठ, पणजी

"सगळं पुसायचं" हा दुकानाच्या सोयीचा नियम झाला, फोन वापरणाऱ्याच्या सोयीचा नव्हे. लिनिएजओएसच्या स्वतःच्या सूचना बघा. पहिल्यांदा टाकताना डेटा फॉरमॅट करा म्हणतात. पण पुढच्या मोठ्या आवृत्तीवर जायचं असेल तर बहुतेक फोनांसाठी वेगळी सूचना आहे: नवी आवृत्ती साइडलोड करा (संगणकावरून केबलने टाका), गुगल ॲप्स वापरत असाल तर तीही रीबूट करण्याआधीच नव्या आवृत्तीला जुळणारी टाका, मग फोन सुरू करा. डेटा पुसायची पायरी त्यात नाही. मी २० वरून २१ वर आणि तिथून पुढे असाच चढलो, एक मेसेजसुद्धा हरवला नाही.

इतकंच नव्हे. डिसेंबर २०१६ मध्ये सायनोजनमॉड बंद पडलं आणि त्याच घराण्यातून लिनिएज उभं राहिलं, तेव्हा २०१७ च्या सुरुवातीला त्यांनी खास प्रायोगिक बिल्ड काढली होती. आधी ते बिल्ड टाकायचं, मग नेहमीचं, आणि जुना डेटा शाबूत. म्हणजे मनात आणलं तर रॉमचं नाव बदलूनही डेटा राहतो.

कुळागर, फोंडा

मांडवीकाठ, तुम्ही दिलेलं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. ते खास बिल्ड मुळात का लागलं? सायनोजनमॉड आणि लिनिएज यांच्या सह्या वेगळ्या होत्या म्हणून.

हे जरा सविस्तर लिहितो, कारण वादाची गाठ इथेच आहे. अँड्रॉइडमधलं प्रत्येक ॲप कुणाच्या तरी किल्लीने सही केलेलं असतं. रॉमबरोबर येणारी ॲप्सही, म्हणजे फोन, कॉन्टॅक्ट, मेसेज साठवणारे भाग, सगळी. कुठल्या ॲपवर कुणाची सही आहे याची नोंद डेटा पार्टिशनमध्ये, म्हणजे स्टोरेजच्या डेटा ठेवणाऱ्या कप्प्यात, राहते. तुम्ही सिस्टम बदलली, पण ती नोंद जुनीच ठेवली. नवा रॉम सुरू होतो, बघतो तर नोंदीत एक सही आणि ॲपवर दुसरी. सुरक्षेच्या नियमाने तो अशा ॲपला जुन्या डेटाला हात लावू देत नाही. मग एक तर फोन बूटलूपमध्ये अडकतो, म्हणजे पूर्ण सुरू न होता पुन्हापुन्हा रीबूट होत राहतो, नाहीतर वर दुरुस्तीवाल्यांनी सांगितलं तसं कॉन्टॅक्ट उघडताच बंद पडतात. लिनिएजच्या अधिकृत बिल्डवरून लिनिएजच्या अधिकृत बिल्डवर जाताना किल्ली तीच, म्हणून तुमचा प्रवास सुखाचा झाला. तेच लिनिएज कुणी घरी बनवून स्वतःच्या किल्लीने सही केलेलं असेल, तर नाव तेच असूनही डेटा चालणार नाही.

दुसरी गोष्ट एन्क्रिप्शनची. अँड्रॉइड १० पासून नव्या फोनांना फाइलनिहाय एन्क्रिप्शन सक्तीचं आहे. एका रॉमने ज्या पद्धतीने डेटा कुलूपबंद केला तो दुसऱ्याला उघडता येईलच असं नाही. टीडब्ल्यूआरपी (रॉम टाकायची, पुसायची रिकव्हरी, जी सिस्टमबाहेर चालते) उघडल्यावर आतलं स्टोरेज शून्य एमबी दिसतं, किंवा फोल्डरांच्या नावांच्या जागी अर्थ नसलेल्या अक्षरांच्या रांगा दिसतात, तेव्हा हेच झालेलं असतं. तिथे नुसता वाइप पुरत नाही, डेटा फॉरमॅट करावा लागतो.

घुमट, साखळी

वाइप आणि फॉरमॅट यातला हा फरक फोन देणाऱ्या माणसाला कोण सांगतं? माझ्या बाबांच्या चवथीच्या आरत्या, घुमट आणि समेळ या वाद्यांवरच्या, मी दरवर्षी रेकॉर्ड करते. फोनच्या आतल्या स्टोरेजमध्येच होत्या. फोन एका दुकानात दिला. दुकानदार म्हणाला, "फक्त रीसेट करतो, फोटोबिटो राहतात." काही राहिलं नाही.

मग मी स्वतः वाचलं. टीडब्ल्यूआरपीतला साधा फॅक्टरी रीसेट ॲप्स आणि सेटिंग पुसतो, पण आतल्या स्टोरेजमधले फोटो आणि गाणी ठेवतो. फॉरमॅट डेटा मात्र सगळंच नेतो. म्हणूनच तो बटण दाबून होत नाही, किबोर्डवर "यस" टाइप करायला लावतो. बाबांच्या आरत्यांसाठी तो "यस" मला न विचारता दुसऱ्याने टाइप केला. तुमचा वाद सह्यांवर आणि पार्टिशनवर चाललाय, तो असू दे. पण पुसण्याआधी फोनच्या मालकाला नेमकं काय जाणार ते सांगणं, हा माझ्या लेखी पहिला नियम.

दुरुस्तीवाला, म्हापसा

ताई, हे वाईटच झालं, आणि यात दुकानदाराची बाजू घेणार नाही. मी फोन घेतानाच सांगतो की आतलं सगळं जाणार, आणि फोटो कॉपी करून आणल्याशिवाय हात लावत नाही. एन्क्रिप्शन असलेल्या फोनचा बॅकअप तो चालू असताना, लॉक उघडून घ्यावा लागतो. रिकव्हरीत शिरल्यावर आठवण झाली तर बहुधा उशीर झालेला असतो.

पण म्हणूनच माझा नियम बदलत नाही. शिवाय एक गोष्ट इथे कुणीच लिहिली नाही. कंपनीच्या रॉमवरून पहिल्यांदा कस्टमवर येताना बूटलोडर (फोन सुरू करणारा प्रोग्राम) अनलॉक करावा लागतो, आणि अनलॉक केला की फोन स्वतःच सगळा डेटा पुसतो. चोराच्या हाती फोन गेला तर त्याला डेटा मिळू नये, म्हणून ती सोय आहे. म्हणजे पहिल्या वेळी पुसायचं की नाही हा प्रश्नच उरत नाही. कंपनीने फोनला घातलेला नियम तोच माझा नियम.

मांडवीकाठ, पणजी

सह्यांबद्दल कुळागरांचं मान्य. "मनात आणलं तर" हे मी सैल लिहिलं, बनवणाऱ्यांनी वाट करून दिली तरच डेटा राहतो असं म्हणा. पण दुरुस्तीवाल्यांनी पहिल्या वेळचा नियम दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या वेळेला लावला, ते मान्य नाही. लिनिएजची नवी बिल्ड साधारण दर आठवड्याला येतात. दर आठवड्याला कोण फोन कोरा करणार? आणि पुसण्याची किंमत फोटोंपुरती नसते. यूपीआय ॲपला सिममधून मेसेज पाठवून पुन्हा नोंदणी करावी लागते. ऑथेंटिकेटर ॲपमधले लॉगिनचे कोड आधी दुसरीकडे नेले नसतील तर खात्यांची दारं बंद. व्हॉट्सॲपचा फोनमधला बॅकअप आतल्या स्टोरेजमध्येच असतो, फॉरमॅटमध्ये तोही जातो. माझ्या आईसारख्या बाईला हे सगळं नव्याने उभं करायला लावणं म्हणजे तिला पुन्हा कधी अपडेट नको असं शिकवणं. मग फोन सुरक्षा पॅचविना पडून राहतो, आणि ते डर्टी फ्लॅशपेक्षा, म्हणजे डेटा न पुसता रॉम टाकण्यापेक्षा, जास्त धोक्याचं.

रात्रपाळी, वास्को

दोन गोष्टी घाईत लिहितो.

सगळ्या चौकटींवर टिक करणाऱ्यांनी व्हेंडरची चौकट बघावी. कॅमेरा, मोडेम, ध्वनी यांचे कंपनीचे ड्रायव्हर तिथे असतात. तुमच्या रॉमच्या झिपमध्ये व्हेंडर नसेल आणि तुम्ही तो पुसला, तर रॉम व्यवस्थित फ्लॅश होऊनही फोन सुरू होणार नाही. मग कंपनीचं फर्मवेअर शोधत बसायचं. इथे "जास्त पुसलेलं बरं" हे तत्त्व थेट नुकसान करतं.

दुसरं, पावसाळ्यात डेस्कटॉपवरून फास्टबूट, म्हणजे केबलने फोनची पार्टिशनं लिहिणं, करू नका. फोनला बॅटरी असते, डेस्कटॉपला नसते. पार्टिशन अर्धं लिहून झालेलं असताना वीज गेली की बसा. लॅपटॉप घ्या.

दुरुस्तीवाला, म्हापसा

व्हेंडरचं बरोबर, ते मीही पुसत नाही. "सगळं" म्हणजे डेटा आणि कॅशे. कॅशेवर मात्र मी ठाम आहे. जुने सॅमसंग अपडेटनंतर अडखळायचे, रिकव्हरीत जाऊन कॅशे पुसला की सुरळीत व्हायचे. हे मी असंख्य वेळा बघितलंय.

कुळागर, फोंडा

त्या फोनांना वेगळं कॅशे पार्टिशन होतं, म्हणून ती गोष्ट त्यांच्यापुरती मी नाकारत नाही. पण २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून दोन स्लॉटची, म्हणजे सिस्टमच्या दोन जागांची, रचना आली. अपडेट चालू स्लॉट सोडून दुसऱ्यात लिहिला जातो, त्यामुळे तो साठवायला वेगळं कॅशे पार्टिशन लागतच नाही. अशा बहुतेक फोनांना ते नाहीच, मग तुम्ही पुसता काय?

डाल्विकचंही तेच. २०१४ मध्ये अँड्रॉइड ५ आलं आणि ॲप्स चालवणाऱ्या डाल्विकची जागा एआरटीने घेतली. सिस्टमचं बिल्ड बदललं की अँड्रॉइड स्वतः ते ओळखतं, ॲप्सचा जुना तयार कोड बाजूला टाकतं आणि नव्याने तयार करतं. जुन्या फोनवर अपडेटनंतर "ॲप्स ऑप्टिमाइझ होत आहेत" असं लिहून आकडे सरकत जायचे, ते तेच काम. तुम्ही कॅशे पुसल्यावर फोन सुरळीत झाला असं वाटतं, तेव्हा बऱ्याचदा तो रीबूटने झालेला असतो.

नुकसान काही नाही म्हणता, ते तुमच्या हातून. तुम्हाला चौकटी पाठ आहेत. घरी बसलेला पोरगा कॅशेवर टिक करायला त्या यादीत शिरतो आणि शेजारच्या इंटर्नल स्टोरेजच्या चौकटीवरही टिक करून बसतो. जी पायरी काही देत नाही, ती सूचनांत ठेवून त्याला त्या यादीत पाठवायचं कशाला?

दुरुस्तीवाला, म्हापसा

घरच्यांसाठीच्या सूचनांतून काढा, हरकत नाही. माझ्या काउंटरवर ती राहणार. जुना फोन आला की मी कॅशे पुसणार.

नवीन सभासद, पेडणे

नमस्कार. वरचं सगळं वाचलं. माझ्या फोनवर लिनिएज २२ आहे, ब्लूटूथचा त्रास होतो म्हणून २१ वर परत जायचं म्हणतो. दोन्ही अधिकृत, म्हणजे सही एकच. मग डेटा ठेवून चालेल ना? कॅशे पुसू का?

मांडवीकाठ, पणजी

नाही रे, खाली उतरताना डेटा ठेवू नकोस. सही एक असली तरी २२ ने सेटिंगचे, कॉन्टॅक्टचे डेटाबेस नव्या रचनेत नेलेले असतात. २१ ला ती रचना माहीत नसते, आणि मागे फिरायची सोय बहुतेक डेटाबेसमध्ये लिहिलेलीच नसते. एन्क्रिप्शनच्या किल्ल्याही अँड्रॉइडच्या आवृत्तीशी आणि सुरक्षा पॅचच्या तारखेशी बांधलेल्या असतात. पॅच जुना झाला की फोन त्या किल्ल्या वापरू देत नाही. आधी फोटो, व्हॉट्सॲपचा फोल्डर आणि ऑथेंटिकेटरचे कोड बाहेर काढ, मग फॉरमॅट डेटा, मग २१. आणि त्याआधी एकदा २२ चं ताजं बिल्ड डेटा न पुसता टाकून बघ, ब्लूटूथ कदाचित त्यातच सुधारलं असेल.

कॅशेची काळजी सोड. डाल्विकचा फोल्डर डेटा पार्टिशनच्याच आत असतो, फॉरमॅटबरोबर तोही जातो.